जुन्या नॉयर कादंबऱ्या वाचायच्या कशा? जोडीने

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जेम्स एम. केनची ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ मला तीस रुपयांत मिळाली. घरी येऊन बघतो तर शेवटचं पानच नाही. दुसऱ्या दिवशी प्रत परत घेऊन गेलो. विकणारा शांतपणे म्हणाला, ‘‘साहेब, तीस रुपयांत शेवटपण पाहिजे?’’

पण त्या प्रतीत एक गोष्ट जास्तीचीही होती. एका प्रसंगात मांजर येतं, तिथे समासात कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘झोला – तिथेही मांजर’. एमिल झोलाची ‘तेरेझ राकँ’ मी तोवर वाचली नव्हती. त्या तीन शब्दांपायी शोधून वाचली आणि केनची कादंबरी मला दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक कळली. तेव्हापासून अमेरिकेतल्या १९३० ते १९६० या काळातल्या गुन्हेगारी कादंबऱ्या मी एकेकट्या वाचत नाही. प्रत्येकीसोबत ती ज्या पुस्तकाची आठवण करून देते तेही वाचतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे सगळं कसं करावं, त्याचा हा धडा. माझ्या चुकांसकट.

पायरी १: नावात अडकू नका, पण नाव समजून घ्या

‘नॉयर’ हा फ्रेंच शब्द. अर्थ काळा. खरा उच्चार ‘न्वार’च्या जवळ जातो, आपल्याकडे ‘नॉयर’ रुळलाय. गंमत म्हणजे ही पुस्तकं लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकांनी हे नाव दिलेलं नाही. पॅरिसमध्ये गालिमार प्रकाशनासाठी मार्सेल द्यूआमेलने १९४५ मध्ये ‘सेरी न्वार’ ही मालिका सुरू केली, तिथून अमेरिकन गुन्हेगारी कादंबऱ्या फ्रेंच वाचकांकडे गेल्या. पुढच्याच वर्षी निनो फ्रँक या समीक्षकाने अशा सिनेमांना ‘फिल्म नॉयर’ म्हटलं आणि नाव चिकटलं.

मूळ मात्र अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांत. ‘ब्लॅक मास्क’ हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. १९२० मध्ये एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन यांनी ते काढलं ते आपल्या दुसऱ्या, प्रतिष्ठित मासिकाचा खर्च भागवायला, आणि लवकरच विकूनही टाकलं. १९२६ मध्ये जोसेफ शॉ संपादक झाला आणि त्याने डॅशिएल हॅमेटला मासिकाचा कणा केलं. लाकडाच्या लगद्याचा खरखरीत कागद, म्हणून ‘पल्प’. आपल्याकडच्या रहस्यकथांच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्यात त्यांना तो स्पर्श आणि तो वास वेगळा सांगायला नको.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घेतलेला बरा. हॅमेट आणि रेमंड चँडलर यांचा नायक गुप्तहेर असतो. तो चिखलातून चालतो, पण बाहेरचा असतो. केन, जिम थॉम्पसन, पॅट्रिशिया हायस्मिथ यांचा नायक हाच चिखल. त्याच्याच डोक्यात बसून आपण गुन्हा होताना बघतो. पहिल्या प्रकाराला जाणकार ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात आणि दुसऱ्यालाच खरं नॉयर मानतात. मी भांडत नाही, दोन्ही वाचतो.

पायरी २: झुंजारला घरी ठेवा

आपण मराठी वाचक रहस्यकथेकडे कोरे येत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळापहाड आला की छाती जरा सैल व्हायची, आता सगळं ठीक होणार. शेरलॉक होम्स काय किंवा अगाथा ख्रिस्ती काय, विश्वास तोच. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवायचं, बोट दाखवायचं, आणि जग पुन्हा आपल्या जागेवर.

नॉयरमध्ये जग जागेवर येत नाही. हॅमेटने हे कुठे शिकलं, तर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत. तिथे त्याने काही वर्षं नोकरी केली. ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) मधलं खाणींचं गाव, ज्याला लोक ‘पॉयझनव्हिल’ म्हणतात, तिथे पोलीस, गुंड आणि खाणमालक एकाच ताटात जेवतात. तिथे खुनी सापडून काय होणार?

म्हणून ‘खुनी कोण’ हा प्रश्न घेऊन बसू नका. या बाबतीत मी तोंडावर पडलेला माणूस आहे. माझी पहिली नॉयर कादंबरी चँडलरची ‘द बिग स्लीप’ (१९३९). वहीत पात्रांची नावं, कोण कोणाला कधी भेटलं, पिस्तूल कोणाकडे, सगळं टिपत गेलो. शंभर पानांनंतर काही लागेना, पुस्तक बंद करून ठेवलं. दोन वर्षांनी कळलं की दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स या कादंबरीवर सिनेमा करत असताना त्यातल्या ड्रायव्हरला कोणी मारलं हे चँडलरलाच तार करून विचारलं गेलं, आणि त्याने कळवलं की मलाही माहीत नाही. हे वाचून मी हसलो, आणि त्याच रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. या वेळी नुसता आवाज ऐकला. तीन दिवसांत संपलं.

पायरी ३: कुठल्या क्रमाने

माझा क्रम असा. आधी केनची ‘पोस्टमन’ (१९३४). जेमतेम शंभर-सव्वाशे पानं, इंग्रजी अगदी साधं, वाक्यं तोकडी. केन पत्रकार होता, ते दिसतं. रविवारी दुपारी जेवून सुरुवात केली तर रात्रीच्या जेवणाआधी संपते. मग हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०). तिसरी ‘द बिग स्लीप’. चौथी हायस्मिथची ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’ (१९५५). पाचवी डॉरथी बी. ह्यूजची ‘इन अ लोनली प्लेस’ (१९४७). या पाच झाल्या की पुढे काय वाचायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

जिम थॉम्पसनची ‘द किलर इनसाइड मी’ (१९५२) लगेच घेऊ नका. चांगली आहे, फार चांगली आहे, पण तिच्यातली हिंसा अंगावर येते. त्यातला डेप्युटी शेरीफ समोरच्याला मुद्दाम गुळगुळीत म्हणी आणि सुविचार ऐकवून ऐकवून छळतो. असा एक काका प्रत्येकाच्या नात्यात असतो, आणि ते आठवून हसू येतं तेवढ्यात पुस्तक आपल्याला पकडतं.

पायरी ४: भाषा

ही पुस्तकं मुळातूनच वाचा, कारण त्यांचा अर्धा जीव बोलीत आहे. डिक्शनरी मात्र हाताशी घेऊन बसू नका. एका प्रकरणात चार-पाच शब्द अडले तर अडू द्या, तिसऱ्यांदा आला की शब्द आपोआप कळतो. ‘गॅट’ म्हणजे पिस्तूल, ‘शेमस’ म्हणजे खासगी गुप्तहेर, ‘ग्रँड’ म्हणजे हजार डॉलर, ‘जॉइंट’ म्हणजे अड्डा. एवढ्यावर निम्मं काम भागतं. पैशांचा अंदाज यावा म्हणून एक आकडा लक्षात ठेवा: ‘द बिग स्लीप’मध्ये गुप्तहेर फिलिप मार्लोची फी दिवसाला २५ डॉलर, शिवाय खर्च. हे माप घेतलं की पुढे कोणी पाच हजार डॉलर टेबलावर ठेवले तर आपलेही कान टवकारतात.

शब्दांवर आंधळा विश्वासही नको. ‘माल्टीज फाल्कन’मध्ये गुप्तहेर सॅम स्पेड एका पोरगेल्या गुंडाला ‘गनसेल’ म्हणतो. आपण ‘गन’ ऐकतो आणि बंदूकवाला असा अर्थ लावतो. संपादक शॉनेही तोच लावला. तो अश्लील शब्दांवर कात्री चालवायचा, पण हा निसटला. मुळात तो यिडिश या ज्यूंच्या भाषेतून आलेला, अर्थ हंसाचं पिल्लू, आणि भटक्यांच्या बोलीत एखाद्या पुरुषाने ठेवलेला पोरगा. हॅमेटने संपादकाच्या नाकावर टिच्चून तो छापून आणला. पुढे इतर लेखकांनी न समजता उचलला आणि आज शब्दकोशात बंदूकधारी हाही अर्थ आहे. चूक इतक्या जणांनी केली की अर्थ झाली.

पायरी ५: आता जोडी लावा

हा या लेखाचा गाभा. घाई करणाऱ्यांनी वरचं सगळं सोडून इथूनच सुरुवात केली असती तरी चाललं असतं.

पहिली जोडी, समासातल्या पेन्सिलीवाल्याची. केनची ‘पोस्टमन’ आणि झोलाची ‘तेरेझ राकँ’ (१८६७). केनच्या कादंबरीत कॅलिफोर्नियातल्या रस्त्याकडेचं खाणावळवजा हॉटेल, ग्रीक मालक, त्याची तरुण बायको कोरा आणि हायवेवरून भटकत आलेला फ्रँक. झोलाकडे पॅरिसमधलं अंधारं दुकान, आजारी नवरा, त्याची बायको तेरेझ आणि नवऱ्याचा मित्र लोराँ. दोन्हीकडे बायको आणि परका मिळून नवऱ्याचा काटा काढायचं ठरवतात. इथवर कोणीही सांगेल. आता मांजर बघा.

फ्रँक आणि कोराचा पहिला बेत फसतो तो मांजरामुळे. नवरा अंघोळीला गेलेला, सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं, आणि मांजर फ्यूजच्या पेटीवर पाय देतं. शॉक लागून मांजर मरतं, दिवे जातात, नवरा वाचतो. केनचं मांजर म्हणजे नुसता योगायोग. त्याला ना डोळे आहेत ना मत. झोलाच्या घरातलं मांजर, त्याचं नाव फ्राँस्वा, बसून बघत राहतं. लोराँला वाटू लागतं की याला सगळं ठाऊक आहे. शेवटी तो त्या मांजराला खिडकीबाहेर भिरकावून मारतो.

हा फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. १८६७ मध्ये गुन्हेगाराकडे कोणीतरी बघत असतं: मांजर, मेलेल्याचं चित्र, अर्धांगाने खिळलेली सासू. या सासूचा प्रसंग तर विसरणं अशक्य. तिला खरं कळलंय, पण जीभ हलत नाही. गुरुवारी डॉमिनो खेळायला पाहुणे जमलेत, ती सगळा जीव बोटात आणून टेबलावर अक्षरं गिरवते. ‘तेरेझ आणि लोराँ यांनी...’ इथवर येतं आणि हात गळतो. पाहुणे स्वतःच वाक्य पुरं करतात: यांनी माझी फार चांगली काळजी घेतली! आणि माना डोलावतात. १९३४ च्या अमेरिकेत असं कोणी बघत नाही. तिथे वकील आहेत, विमा कंपन्या आहेत, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात, कोण आधी उलटतो म्हणून. झोलाकडे अपराधाचं भूत आहे, केनकडे अपराधाचा हिशेब.

तो हिशेब त्याच्या काळातूनच आला होता. मार्च १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या बाईने जड ग्रे या कॉर्सेट विकणाऱ्या माणसाला हाताशी धरून नवऱ्याचा खून केला. त्याआधी नवऱ्याच्या नावे मोठा विमा उतरवला होता, अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम अशा अटीसह. जानेवारी १९२८ मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांना विजेच्या खुर्चीवर बसवलं, आणि एका वार्ताहराने घोट्याला बांधलेल्या लपवलेल्या कॅमेऱ्याने त्या बाईचा शेवटच्या क्षणाचा फोटो काढला. तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर. केनची ‘डबल इंडेम्निटी’ याच मातीतली. विम्याची कलमं वाचताना थरार वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझा स्वतःचा विमा एजंट असता तर मी तेवढ्या लक्षपूर्वक ऐकलं नसतं.

या जोडीला तिसरं पुस्तक हवं असेल तर आल्बेर कामूची ‘द स्ट्रेंजर’ (१९४२). अमेरिकन कादंबऱ्यांचं तंत्र आपण या पुस्तकात वापरल्याचं कामूने स्वतः सांगितलं होतं. ‘पोस्टमन’चं शेवटचं प्रकरण आणि कामूचं शेवटचं प्रकरण एकाच बैठकीत वाचा. का ते सांगत नाही. (फक्त आपल्या प्रतीत शेवटचं पान आहे ना, ते आधी बघून घ्या.)

दुसरी जोडी लेखिकेने स्वतःच सांगितलेली. ‘रिप्ली’मध्ये श्रीमंत ग्रीनलीफ साहेब टॉम रिप्लीला इटलीला पाठवतात, ‘माझ्या मुलाला समजावून घरी आण’ म्हणून. त्याच ओघात ते त्याला विचारतात, हेन्री जेम्सची ‘दि अँबॅसडर्स’ वाचलीय का? टॉमने वाचलेली नाही. जहाजावर तो ती शोधतो, पण मिळत नाही.

नवा वाचक हा तपशील गिळून पुढे जातो. मीही गेलो होतो. पण ‘दि अँबॅसडर्स’ (१९०३) मध्ये काय आहे? मॅसॅच्युसेट्समधल्या एका श्रीमंत घरातला मुलगा पॅरिसमध्ये रमलाय, त्याला परत आणायला लँबर्ट स्ट्रेदर नावाच्या सभ्य, पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाला पाठवलं जातं. पॅरिस बघून स्ट्रेदरच बदलतो. मुलाने परत जाऊ नये असं त्याला वाटू लागतं. हायस्मिथने हाच सांगाडा घेतला आणि दूत म्हणून सभ्य गृहस्थाऐवजी एक नकला करणारा, खोट्या सह्या करणारा, कफल्लक तरुण पाठवला. युरोप बघून तोही बदलतो. त्याला श्रीमंताच्या मुलाला परत आणायचं नाही, त्याला तो मुलगाच व्हायचंय. ज्याने ते पुस्तक वाचलंच नाही अशा माणसाला त्या पुस्तकातली भूमिका मिळते. हायस्मिथचा हा खोडसाळपणा मला तिच्या सगळ्या खुनांपेक्षा जास्त आवडतो.

जेम्सबद्दल धोक्याची सूचना: वाक्यं लांब, आणि बसच्या रांगेत वाचायचं हे पुस्तक नव्हे. दर दिवशी दहा पानं या हिशेबाने गेलात तर जमेल. नाही जमलं तर पहिली तीन प्रकरणं तरी वाचा, रिप्लीची चव वाढवायला तेवढी पुरतात.

तिसऱ्या जोडीसाठी फारसं वाचावंच लागत नाही, कारण राजा आर्थर आणि त्याचे सरदार बहुतेकांना ऐकून माहीत असतात. ‘द बिग स्लीप’चं पहिलं पान उघडा. स्टर्नवुडांच्या हवेलीत शिरताना मार्लोला दारावर रंगीत काचेचं चित्र दिसतं: झाडाला बांधलेली स्त्री आणि तिच्या दोऱ्या सोडवू पाहणारा चिलखतातला सरदार. मार्लोच्या मनात येतं की त्या सरदाराला काही ते जमत नाहीये, आपण इथे राहिलो तर आज ना उद्या वर चढून मदत करावी लागेल. विनोद म्हणून वाचून आपण पुढे जातो. पुढे बऱ्याच पानांनंतर, खोलीत एकटा बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला मार्लो घोड्याची खेळी करतो आणि मागे घेतो. इंग्रजीत घोड्याच्या मोहऱ्याला ‘नाइट’ म्हणतात, म्हणजे पुन्हा तोच सरदार. या खेळात त्याला काही अर्थ नाही, असं मार्लोच्या मनात येतं. मराठीत ‘घोडा’ म्हटलं की हा धागा तुटतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. चँडलरच्या आधीच्या कथांतल्या एका गुप्तहेराचं नावच मॅलरी होतं, आणि आर्थरच्या कथा इंग्रजीत एकत्र करणाऱ्याचं नाव टॉमस मॅलरी.

चँडलरबद्दल आणखी एक. तो शिकागोत जन्मला पण शिकला इंग्लंडमध्ये, डलिच कॉलेजात. मग लॉस एंजेलिसच्या तेलधंद्यात बड्या पदावर गेला, आणि १९३२ मध्ये दारूपायी नोकरी घालवून बसला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मासिकांतल्या कथा वाचून लिहायला शिकला, पहिली कादंबरी पन्नाशीत. उशीर झाला असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बाकीच्या जोड्या भराभर. व्हेरा कॅस्परीची ‘लॉरा’ (१९४३) विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) सोबत. दोन्हीकडे निरनिराळी माणसं आळीपाळीने गोष्ट सांगतात आणि प्रत्येक जण थोडं लपवतो. ‘मूनस्टोन’ची सुरुवात तर १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून आहे, आणि मूळचा हिरा सोमनाथचा. चँडलरचीच ‘द लाँग गुडबाय’ (१९५३) फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) सोबत. एक साधा माणूस एका देखण्या, मोडलेल्या माणसावर जीव लावतो आणि आयुष्यभर त्याचा हिशेब करत बसतो. रॉस मॅक्डोनाल्डची ‘द गाल्टन केस’ (१९५९) वाचताना ईडिपस राजाचं नाटक आठवलं नाही तरच नवल.

आणि चेस. जेम्स हॅडली चेसशिवाय आपली पिढी इथवर पोचलीच नसती. सर्क्युलेटिंग लायब्ररीत, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर, उसाच्या गुऱ्हाळाशेजारच्या रद्दीत, सगळीकडे चेस. मुखपृष्ठ वर्तमानपत्रात गुंडाळून वाचायचं, कारण आई. हा चेस मुळात इंग्रज. अमेरिकन बोलीचे कोश आणि नकाशे समोर ठेवून त्याने अमेरिका लिहिली. ‘नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश’ (१९३९) त्याची पहिली. ती वाचली असेल तर विल्यम फॉकनरची ‘सँक्च्युअरी’ (१९३१) हाती घ्या. जॉर्ज ऑरवेलने १९४४ मधल्या एका निबंधात या दोन पुस्तकांतलं साम्य दाखवलं होतं, आणि अशी पुस्तकं लोकांना आवडतात याची त्याला चिंताही वाटली होती. गंमत अशी की ज्या ‘बिग स्लीप’ सिनेमाचा किस्सा वर सांगितला, त्याच्या पटकथाकारांत फॉकनरही होता. हे लेखक आपण समजतो तितके वेगवेगळ्या मजल्यांवर राहत नव्हते.

पायरी ६: वहीची मागची पानं

वही ठेवा, पण पात्रांची यादी करायला नाही. ती माझी चूक तुम्ही करू नका. मागच्या पानावर डावीकडे आत्ता वाचतोय ते पुस्तक, उजवीकडे जे आठवलं ते. शेजारी एक खूण: लेखकाने स्वतःच सांगितलं असेल तर ‘ले’, सांगाडा जुळत असेल तर ‘सा’, आणि फक्त आपल्यालाच आठवलं असेल तर ‘मी’.

‘मी’ची खूण करायला लाजू नका. हॉरेस मकॉयची ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’ (१९३५) ही मंदीच्या काळातल्या नाचाच्या स्पर्धांची गोष्ट. जोडपी दिवसच्या दिवस नाचत राहतात, जो शेवटपर्यंत उभा राहील त्याला बक्षीस, आणि मध्ये जेवण फुकट, म्हणून माणसं येतात. सभागृह समुद्रातल्या धक्क्यावर उभं आहे, पायाखाली लाटा जाणवतात. गोष्ट सांगणारा तरुण, आणि जगायला कंटाळलेली ग्लोरिया. मला वाचताना सारखी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) आठवत राहिली. तिथे युरोपातून मुंबईला निघालेली बोट, गोष्ट सांगणारा तरुण, आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू हॅर्टा. दोन्हीकडे पाण्यावर तरंगणारी बंद जागा, आत संगीत, गर्दी, जेवणाच्या वेळा, आणि बाहेर कुठल्याच किनाऱ्यावर जागा नसलेली एक बाई. बेडेकरांनी मकॉय वाचला होता का, हा प्रश्नच नाही. माझ्या वहीत ती जोडी आहे, ‘मी’ अशी खूण करून, आणि तीच मला सगळ्यात जवळची.

पायरी ७: पुस्तकं मिळवायची कुठे

नवी प्रत हवी तर ‘व्हिंटेज क्राइम/ब्लॅक लिझर्ड’ या नावाने निघणाऱ्या आवृत्त्या बघा. जुनी हवी तर मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि किंग्ज सर्कल. विकत घेताना तीन गोष्टी: शेवटचं पान, मधली शिवण, आणि मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असं काही छापलंय का ते.

फुकट आणि कायदेशीर वाचायची सोयही आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपतो. चँडलर १९५९ मध्ये गेला आणि हॅमेट १९६१ मध्ये, म्हणजे दोघांच्या कादंबऱ्या इथे मुक्त झाल्या आहेत. केन १९७७ मध्ये गेला, हायस्मिथ १९९५ मध्ये. त्यांच्यासाठी खिशात हात घालावा लागेल. झोला, जेम्स, कॉलिन्स हे तर कधीचेच मोकळे. थोडक्यात, जोडीतलं जुनं पुस्तक बहुतेक वेळा फुकटच पडतं.

पायरी ८: जे खुपेल ते

खुपणारच. काळ्या, मेक्सिकन, चिनी माणसांबद्दल या पुस्तकांत सहज जे लिहिलं जातं ते आज वाचवत नाही. बाई दिसली की ती एक तर फसवणार नाही तर मरणार. ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याच काळात वेगळं लिहिणारेही होते.

ह्यूजची ‘इन अ लोनली प्लेस’ त्यासाठीच माझ्या पहिल्या पाचांत आहे. युद्धावरून परतलेला डिक्स स्टील संध्याकाळच्या धुक्यात लॉस एंजेलिसमध्ये एकट्या बायकांच्या मागे चालतो. आपण सगळं त्याच्या नजरेने बघतो, पण लेखिका त्या नजरेच्या कडेला दोन बायका उभ्या करते, ज्या त्याला शांतपणे निरखत असतात. पहिल्या वाचनात त्या दिसत नाहीत. दुसऱ्यात त्यांच्यावरून नजर हलत नाही. यावर १९५० मध्ये निघालेला सिनेमा सुरेख आहे, पण त्याने शेवट आणि नायक दोन्ही बदलले. आधी पुस्तक, मगच सिनेमा.

आणि चेस्टर हाइम्स. ओहायोच्या तुरुंगात लिहायला लागलेला हा काळा लेखक पुढे पॅरिसला गेला, आणि तिथे सेरी न्वारवाल्या द्यूआमेलने त्याला गुप्तहेर कादंबरी लिहायला लावली. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतले त्याचे दोन पोलीस, कॉफिन एड आणि ग्रेव्ह डिगर, यांच्या पहिल्या कादंबरीला, म्हणजे ‘अ रेज इन हार्लेम’ला, १९५८ मध्ये फ्रान्सचं गुन्हेगारी कादंबरीचं मोठं पारितोषिक मिळालं. खोट्या नोटा, लबाड साधू, प्रेतगाडीचा पाठलाग, आणि या सगळ्यात इतकं हसू येतं की आपण कशाला हसतोय याचीच भीती वाटते. हॅमेट आठवत नाही, चँडलर तर मुळीच नाही. माझ्या वहीत डावीकडे हाइम्सची तीन पुस्तकं आहेत. उजवीकडची जागा अजून रिकामी आहे.